साके पहिल्यांदा चाखताना: एक बाटली, तीन तापमानं आणि घरचं जेवण

जपानमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाची साकेशी, म्हणजे तांदळाच्या जपानी मद्याशी, पहिली गाठ बहुतेक वेळा ऑफिसच्या पार्टीत पडते. बिअरचे दोन ग्लास झालेले असतात, कुणीतरी छोट्या कपात कढत साके ओतून देतं, नाकात भपकारा जातो आणि 'हे काही आपलं नाही' असा निकाल लागून जातो. काही जण दुसऱ्या टोकाला जातात. विमानतळावरून भारीतली बाटली घेतात, ती पाहुण्यांसाठी म्हणून वर्षभर कपाटात राहते आणि उघडेपर्यंत तिची चव गेलेली असते.

साके कळते ती घरी, रोजच्या जेवणासोबत. संध्याकाळी घरी येऊन जेवणाबरोबर थोडी साके घेण्याला जपानीत 'बानशाकु' म्हणतात. हा लेख त्या बानशाकुच्या वाटेने जाणारा आहे. एक मध्यम किमतीची बाटली, तीन तापमानं आणि दोन-तीन साधे पदार्थ एवढ्यावर सुरुवात करा. दुकानात 'निहोनशु' म्हणून मागा, कारण जपानीत नुसतं 'साके' म्हणजे कुठलंही मद्य.

दोन नियम आधीच सांगतो. जपानमध्ये मद्यपानाचं किमान वय 20 आहे. आणि प्यायल्यावर सायकलसुद्धा चालवायची नाही. नोव्हेंबर 2024 पासून त्याची शिक्षा बरीच कडक झाली आहे, तुरुंगवासापर्यंत.

ती बनते कशी

हे दोन मिनिटांत समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. तांदूळ वाफवतात आणि त्यातल्या काही भागावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. ही बुरशी तांदळातल्या स्टार्चची साखर करते आणि त्याच टाकीत, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचं मद्य करतं. दोन्ही कामं एकत्र चालल्यामुळे साखर एकदम साचत नाही, यीस्ट दमत नाही, आणि भट्टी न लावताही मद्यार्क 20 टक्क्यांच्या आसपास जातो. बाटलीत भरण्याआधी पाणी घालून तो बहुधा 15-16 टक्क्यांवर आणतात.

कोजी आणखी एक काम करते. तांदळातल्या प्रथिनांची ती अमिनो आम्लं करते. सोया सॉस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), कोंबूचा म्हणजे सुक्या समुद्री शेवाळाचा रस्सा, यांना जी भरलेली चव असते, ती उमामी साकेत येते ती अशी. म्हणूनच जपानी घरच्या जेवणाशी साके इतकी सहज जुळते: सोया सॉस आणि मिसोही कोजीवरच बनतात, सगळी एकाच घराण्यातली. कोजी वापरून साके करण्याचं हे पारंपरिक कौशल्य डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं.

पायरी पहिली: बाटली निवडणं

पहिली बाटली 'जुनमाई' घ्या. तांदूळ, कोजी, पाणी आणि यीस्ट, वरून मद्यार्क घातलेला नाही, असा जुनमाईचा अर्थ. 720 मिलीची चांगली बाटली साधारण 1,200 ते 2,000 येनमध्ये मिळते. एवढी नको असेल तर 300 मिलीची घ्या, किंवा काचेच्या कपातली 180 मिलीची. कपातली साके म्हणजे हलका माल असं समजू नका. ओझेकी कंपनीने 1964 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या वेळी असा 'वन कप' बाजारात आणला आणि आता खूप उत्पादक आपली उत्तम साके कपात विकतात. वेगवेगळ्या प्रांतांतले तीन कप आणले की कमी पैशात तुलना करता येते.

सुपरमार्केटमध्ये एक सावधगिरी बाळगा. सॉस आणि व्हिनेगरच्या फळीवर 'र्योरिशु' नावाची स्वयंपाकाची साके असते. बाटली सारखीच दिसते, किंमत फारच कमी असते. तिच्यात मुद्दाम मीठ घातलेलं असतं, ती पिण्यासाठी नाही. लेबल वाचता येत नसेल तर फोनचा कॅमेरा लावून भाषांतर करून घ्या आणि घटकांत मीठ दिसलं तर परत ठेवा.

पायरी दुसरी: लेबलातलं कामापुरतं

लेबलावर एक टक्केवारी दिसेल, 'सेइमाई-बुआई'. तांदूळ घासून झाल्यावर दाण्याचा किती भाग उरला, ते ती सांगते. 60 म्हणजे 40 टक्के घासून काढला. दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त असतात. तो थर काढत गेलं की साके हलकी आणि फळांच्या वासाची होते, ठेवला की चव भरीव राहते. उरलेला भाग 60 टक्के किंवा कमी असेल तर 'गिंजो', 50 किंवा कमी असेल तर 'दाईगिंजो'. 'होनजोझो'त 70 किंवा कमी, आणि त्यात थोडा मद्यार्क मिसळलेला असतो, तोही कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत. या मिसळण्याला नाक मुरडणारे लोक भेटतील. मला ते पटत नाही. गरम करून मासळीबरोबर प्यायला होनजोझोसारखी मोकळी साके शोधून सापडणार नाही.

इथेच माझं ठाम मत सांगतो: सुरुवात दाईगिंजोने करू नका. तिचा सफरचंद-केळ्यासारखा वास मोहात पाडतो आणि नुसती प्यायला ती सुंदर लागते, पण सोया सॉसमध्ये शिजलेल्या बटाट्यासमोर तो वास अडचण होतो. दाईगिंजो ही साकेची वरची इयत्ता आहे असं किमतीवरून वाटतं, प्रत्यक्षात ती वेगळ्या कामाची साके आहे.

'निहोनशु-दो' हा आकडा अधिक असेल तर कोरडी, उणे असेल तर गोडसर. हा आकडा फक्त घनतेवरून काढतात, त्यामुळे त्याच्यावर फार विसंबू नका. आम्लता जास्त असली की तीच साके अधिक कोरडी लागते.

प्रांताचाही अंदाज ठेवा. कोबेजवळच्या नादा भागातलं पाणी कठीण, साके बांधेसूद आणि कोरडी. क्योतोतल्या फुशिमीचं पाणी मृदू, साके मऊ. निइगाताची ओळख स्वच्छ, हलकी आणि कोरडी. भाताच्या जातींत ह्योगोची यामादा निशिकी सगळ्यांत नावाजलेली. मला ओकायामाची ओमाची जास्त आवडते, तिच्या साकेला मातकट, गोलसर चव असते. पुणेकरांना ओकायामा परकं नाही: सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिथल्याच कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे.

पायरी तिसरी: चाखणं

खास भांडी नसली तरी अडत नाही. पांढरा चिनी मातीचा छोटा कप घ्या. परीक्षक वापरतात त्या कपाच्या तळाशी निळी वर्तुळं असतात, निळ्यावरून गढूळपणा कळतो आणि पांढऱ्यावरून रंग. वासाच्या साकेसाठी वाइनचा लहान ग्लास बरा. शेजारी पाण्याचा पेला हवाच. साकेइतकंच पाणी प्यायचं, त्याला जपानीत 'यावारागी-मिझु' म्हणतात. त्याने जीभही ताजी राहते आणि दुसऱ्या दिवशीचं डोकंही.

आधी बघा. किंचित पिवळट छटा असणं चांगलंच आहे. कोळशातून फार गाळलेली साके पाण्यासारखी रंगहीन असते, मुरवलेली सोनेरी ते तपकिरी. मग कप न हलवता वास घ्या: फळ येतं, की वाफेच्या भाताचा, दह्याचा, ओल्या लाकडाचा? नाव सापडलं नाही तरी चालेल, हलका की भरीव एवढं ठरवा. आता अर्धा चमचाभर तोंडात घ्या आणि लगेच गिळू नका. जिभेवर पसरू द्या, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, गिळा आणि नाकाने श्वास सोडा. साकेचा खरा वास इथे, परतीच्या श्वासात येतो. शेवटी मोजायचं ते हे की चव किती वेळ मागे राहते. झटकन तुटणाऱ्या चवीला 'किरे' आहे असं म्हणतात, आणि जेवणाबरोबर हा गुण फार मोलाचा, कारण तो पुढच्या घासासाठी तोंड मोकळं करतो.

एका बैठकीत तीनहून जास्त प्रकार चाखू नका. हलक्यापासून भरीवकडे आणि थंडाकडून गरमाकडे जा.

पायरी चौथी: गरम करणं

एकच साके 10 अंशांवर आणि 45 अंशांवर दोन वेगळी पेयं वाटतात. जपानीत जवळजवळ दर पाच अंशांना नाव आहे: 5 अंशांची 'युकिबिए', म्हणजे बर्फाइतकी गार, 10 ची 'हानाबिए', 15 ची 'सुझुबिए', 35 ची अंगाच्या उबेची 'हितोहादा-कान', 40 ची 'नुरुकान', 45 ची 'जोकान', 50 ची 'आत्सुकान'. सगळी पाठ करायची गरज नाही. 15, 40 आणि 50 एवढे तीन थांबे लक्षात ठेवा.

गरम करायची रीत अशी. 'तोक्कुरी' म्हणजे निमुळत्या मानेचा मातीचा साकेचा चंबू, तो मानेच्या खालपर्यंत भरा. गरम झाल्यावर साके फुगते, काठोकाठ भरली तर उतू जाते. पातेल्यात तोक्कुरीच्या खांद्यापर्यंत येईल इतकं पाणी घेऊन उकळा, गॅस बंद करा आणि मग तोक्कुरी आत ठेवा. गॅस चालू ठेवून उकळत्या पाण्यात धरली की मद्यार्काचा भपका सुटतो, पार्टीतल्या त्या कढत साकेचं दुखणं तेच असतं. दोन-तीन मिनिटांनी तोक्कुरी उचलून तळाला बोट लावा. ऊब जाणवली की 40 च्या आसपास आहात, बोट ठेवणं किंचित नकोसं झालं की 50 कडे निघालात. पहिल्या वेळी स्वयंपाकाचा थर्मामीटर लावा, नंतर बोटाला कळतं.

तोक्कुरी नसेल तर आपला स्टीलचा उभा पेला छान चालतो. जपानमध्येही गरम करायला धातूचं 'चिरोरी' वापरतातच. धातू झपाट्याने तापतो, म्हणून मिनिटाभरातच बघा. मायक्रोवेव्हमध्ये वरचा भाग तापतो आणि तळ गार राहतो. तोच वापरायचा असेल तर थोडी गरम करा, ढवळा, पुन्हा गरम करा.

आता तोच प्रयोग करा: एकाच जुनमाईचे तीन कप, एक फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं बाहेर ठेवलेला, एक 40 वर, एक 50 वर. थंडीत आंबटपणा पुढे येतो, गोडवा आणि उमामी दबते. 40 वर भाताची गोडी फुलते. 50 वर कड धारदार होते, चव लवकर तुटते. तुम्हाला कोणता कप आवडला ते लिहून ठेवा. बाटलीच्या नावापेक्षा ही नोंद पुढे जास्त उपयोगी पडते.

पायरी पाचवी: जेवण

जपानी घरात साके चालू असते तोवर समोर भाजी, मासळी, टोफू असे छोटे पदार्थ असतात. भात, मिसोचं सूप आणि लोणचं शेवटी येतं. सुरुवातीला तुम्हीही याच क्रमाने जा, म्हणजे पोट भाताने भरण्याआधी जुळणी नीट तपासता येते. घास खा, चावून अर्धा संपला की साकेचा घोट घ्या, आणि दोन्ही मिळून काय होतं ते बघा.

पहिला पदार्थ 'हियायाक्को' करा, काहीच शिजवायचं नाही. गार टोफूवर किसलेलं आलं, बारीक कापलेली कांद्याची पात, सोया सॉसचे काही थेंब. बरोबर 10-15 अंशांची हलकी साके, निइगाताची कोरडी असेल तर फारच उत्तम. इथे साके फक्त टोफूची दुधाळ चव धुऊन पुढे नेते, एवढंच तिचं काम.

थंडी पडली की 'युदोफू'. मला विचाराल तर नवख्याने हाच पदार्थ शिकावा. पातेल्यात कोंबूचा, हातभर नाही, तळहाताएवढा तुकडा टाकून थंड पाण्यात अर्धा तास भिजवा. टोफूचे मोठे चौकोन सोडा आणि मंद आचेवर ठेवा. पाणी खळाखळा उकळू द्यायचं नाही, टोफू थरथरायला लागला की झालं. जास्त शिजला तर त्याला जाळी पडते आणि तो चिवट होतो. पोन्झुमध्ये, म्हणजे सोया सॉस आणि लिंबाच्या जातीच्या आंबट फळांच्या रसाच्या सॉसमध्ये, बुडवून खायचा आणि बरोबर 40 अंशांची जुनमाई. टोफू आणि साके दोन्ही एकाच उबेचे असतात, त्यामुळे तोंडात कुठे खंड पडत नाही. कोंबूतलं ग्लुटामेट आणि साकेतली अमिनो आम्लं एकमेकांना उचलून धरतात. 1908 मध्ये इकेदा किकुनाए यांनी उमामीचा शोध लावला तो अशाच कोंबूच्या रश्शावरून.

मासळी खाणाऱ्यांनी 'साबा नो शिओयाकी' करावी. बांगड्याच्या जातीचा साबा मासा मीठ लावून वीस मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी टिपा आणि ग्रिलवर कातडी करपेपर्यंत भाजा. शेजारी किसलेला पांढरा मुळा. मासा तेलकट असतो, म्हणून साके 45-50 अंशांची होनजोझो किंवा कोरडी जुनमाई. वाइनबरोबर मासळीला जो उग्र हिवस वास येतो, त्यामागे वाइनमधलं लोह हे एक मोठं कारण असतं. साके बनवणारे लोहाला फार जपतात, कारण त्याने साकेचा रंग आणि चव बिघडते. पाणीच असं निवडतात की लोह जवळजवळ नसावं. त्याचा फायदा आपल्याला ताटात मिळतो.

'निकुजागा' म्हणजे मांस, बटाटा आणि कांदा, सोया सॉस, साखर आणि मिरिनमध्ये (स्वयंपाकाचं गोड मद्य) शिजवलेला. गोडसर-खारट रस्सा असतो, थंड गिंजो त्यापुढे आंबट आणि पातळ वाटते. 40-45 अंशांची भरीव जुनमाई घ्या. मिसो लावून भाजलेली वांगी, 'नासु देनगाकु', यांना त्याहून दमदार साके लागते: 'यामाहाई' किंवा 'किमोतो' पद्धतीची, जिच्यात नैसर्गिक लॅक्टिक आम्ल वाढू देतात आणि चवीत दह्याची आठवण येते. इशिकावाची तेंगुमाई यामाहाईसाठी प्रसिद्ध आहे, नादाची किकु-मासामुने किमोतोसाठी. दोन्ही सहज मिळतात.

व्हिनेगरचे पदार्थ, फार आंबट उमेबोशी (खारवलेली जपानी फळं) आणि भरपूर वासाबी यांच्याशी सुरुवातीला जुळवाजुळव करू नका. जमते, पण नंतर.

शाकाहारी असाल तर

साकेपेक्षा अडचण रश्शाची आहे. मिसोच्या सुपात, भाजीत, अंड्याच्या गुंडाळीतही बहुधा सुक्या कात्सुओ माशाचा 'दाशी' असतो. घरी कोंबूचा करा: एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोंबू रात्रभर फ्रिजमध्ये. दोन-तीन सुकी शिताके अळंबी टाकली तर आणखी खोल चव येते. या रश्शात लाल भोपळा सोया सॉसबरोबर शिजवा आणि 40 अंशांची जुनमाई घ्या, मासळीची उणीव भासणार नाही.

आपल्या स्वयंपाकाबरोबर

टोकियोच्या निशी-कासाईसारख्या भागात आपल्याकडचं वाणसामान मिळतं, त्यामुळे हा प्रश्न येतोच. मोहरी-हिंगाच्या फोडणीपुढे आणि हिरव्या मिरचीपुढे नाजूक गिंजो टिकत नाही, आणि तिखटावर मद्यार्क आग वाढवतो. ठेचा, तांबडा रस्सा यांच्याबरोबर साके नकोच. मात्र शेंगदाण्याचा कूट घातलेली कमी तिखट भरली वांगी आणि गरम यामाहाई जमते. रव्यात तळलेली सुरमई आणि गरम होनजोझोही. अळूवडीला, चिंच-गूळ बेताचा असेल तर, थोडी मुरवलेली साके छान जाते, तिच्यात सुक्या मेव्याचा आणि कॅरमेलचा वास असतो. थोडं तिखट असलेल्या पदार्थाबरोबर गढूळ, गोडसर 'निगोरी' थंड करून घेऊन बघा.

किती प्यायची आणि उरलेली कशी ठेवायची

तोक्कुरी साधारण एक 'गो'ची, म्हणजे 180 मिलीची असते. 15 टक्क्यांच्या साकेत त्यातून सुमारे 22 ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने बेताचं पिणं म्हणून धरलेलं माप दिवसाला साधारण 20 ग्रॅम आहे, आणि स्त्रियांसाठी त्याहून कमी. म्हणून एक तोक्कुरी दोघांत घेणं उत्तम. औषधं चालू असतील किंवा गरोदर असाल तर अजिबात नको.

साकेचे वैरी दोन, उजेड आणि उष्णता. बाटली उभी ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळा, उघडली की फ्रिजमध्ये. 'नामा' म्हणजे न तापवलेली साके तर दुकानातून थेट फ्रिजमध्ये जायला हवी. उघडलेली बाटली दोनेक आठवड्यांत संपवा.

तळाशी राहिलेली साके ओतून देऊ नका. वाळू सोडलेल्या 'आसारी', म्हणजे तिसऱ्यांसारखे शिंपले, मिळाल्या तर कढईत टाका, वरून ती साके कपभर ओता, झाकण ठेवा आणि सगळे शिंपले उघडले की लगेच उतरवा, मीठ घालायचं नाही. शिंपल्यांत आणि साकेत दोन्हींत सक्सिनिक आम्ल असतं, त्यामुळे तळाचा रस्सा असा काही होतो की तो चमच्याने संपतो. शाकाहारी घरात तीच साके चमचाभर भाताच्या कुकरमध्ये घाला, दाणा मोकळा आणि चकचकीत होतो.